चित्र आहे, पण आवाज नाही: थिएटरमधल्या साउंड प्रोसेसरचं फर्मवेअर ‘करप्ट’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

खडवलीहून नवा सिनेमा थिएटरमध्ये बघायचा म्हणजे अनेकांसाठी ठरलेला रस्ता. लोकल पकडायची, टिटवाळा, आंबिवली, शहाड मागे टाकत कल्याणला उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. परतीची आसनगाव किंवा कसारा लोकल चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं, कारण कल्याणच्या पुढे गाड्या तशाही कमीच. म्हणजे तिकिटाच्या पैशांबरोबर अख्खी संध्याकाळ खर्च होते. आणि एवढं करून पडद्यावर चित्र आलं, पण आवाजच आला नाही तर?

अशा वेळी प्रेक्षकांना एकच वाक्य ऐकायला मिळतं: “टेक्निकल प्रॉब्लेम आहे, थोडं थांबा.” प्रोजेक्टर रूममध्ये मात्र धावपळ सुरू असते. रॅकमधल्या एका पेटीचा दिवा लागलेला असतो, पण स्क्रीन कोरी असते. किंवा कंपनीचा लोगो येतो, जातो, परत येतो. कोणीतरी म्हणतं, “फर्मवेअर करप्ट झालंय.” आणि मग ती पेटी मेली असंच समजलं जातं.

खरं तर बऱ्याचदा ती मेलेली नसते. पण पुढच्या अर्ध्या तासात चुकीची गोष्ट केली तर ती नक्की मरू शकते. म्हणूनच हे प्रकरण नीट समजून घेऊया.

थिएटरमध्ये आवाज येतो कुठून?

आजचा सिनेमा थिएटरमध्ये रिळावर येत नाही. तो हार्ड डिस्कवर, सॅटेलाइटवरून किंवा इंटरनेटवरून डिजिटल फाइलच्या रूपात येतो आणि सर्व्हरमध्ये भरला जातो. डिजिटल सिनेमाच्या जागतिक मानकाप्रमाणे यातला आवाज कॉम्प्रेस केलेला नसतो. एका सेकंदाला किमान ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा आणि जास्तीत जास्त १६ चॅनल, असा त्याचा हिशेब असतो.

सर्व्हरमधून निघालेला हा आवाज थेट स्पीकरला जात नाही. मध्ये एक पेटी असते, तिला सिनेमा साउंड प्रोसेसर म्हणतात. डावीकडचा आवाज कोणता, संवादांचा मधला चॅनल कोणता, धडधडणारा बेस कुठे पाठवायचा, भिंतींवरच्या स्पीकरना काय द्यायचं, हे सगळं ही पेटी ठरवते. हॉलच्या आकारानुसार आवाजात जे कमी-जास्त करावं लागतं, तेही तीच करते. तिथून आवाज अॅम्प्लिफायरला जातो आणि मग पडद्यामागच्या स्पीकरपर्यंत पोहोचतो.

थोडक्यात, हजारो वॅटचे अॅम्प्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर असले तरी सगळ्यांचा रस्ता या एका पेटीतून जातो. ही पेटी अडली की पूर्ण हॉल गप्प.

आधी असं व्हायचं नाही का?

बिघाड आधीही व्हायचे, फक्त त्यांचा प्रकार वेगळा होता.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलायला लागला. बोलपटांच्या काळात आवाज फिल्मच्याच कडेला एका पट्टीत छापला जायचा. प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा त्या पट्टीवर प्रकाश टाकायचा, पलीकडचा सेल तो प्रकाश पकडायचा आणि त्याची वीज होऊन स्पीकरपर्यंत जायची. आवाज गेला की ऑपरेटर आधी दिवा बघायचा. गेला असेल तर नवा लावायचा. बिघाड डोळ्यांना दिसायचा.

महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये फिरणाऱ्या तंबू टॉकीजचा कारभार याच जोरावर चालायचा. ट्रकवर लादलेला प्रोजेक्टर, स्क्रू ड्रायव्हर, थोडं वंगण आणि हाताला सवय असलेला कारागीर. या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि गाजला. जुन्या प्रोजेक्टरची जागा डिजिटल यंत्रांनी घेतली तेव्हा या लोकांचं काय झालं, हे त्यात दिसतं.

नव्वदच्या दशकात फिल्मवर डिजिटल आवाजही आला. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाजाची माहिती फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेली असायची. पण त्याच फिल्मवर जुन्या पद्धतीची आवाजाची पट्टीही ठेवलेली असायची. डिजिटल माहिती वाचता आली नाही की प्रोसेसर आपोआप जुन्या पट्टीवर जायचा. प्रेक्षकाला फार तर आवाज थोडा बदलल्यासारखा वाटायचा. शो थांबायचा नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. जुन्या व्यवस्थेत दुसरा आवाज तयारच असायचा. आजच्या व्यवस्थेत तो आपोआप मिळत नाही, त्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

फर्मवेअर म्हणजे काय?

मोबाइलमध्ये अॅप असतात आणि त्यांच्या खाली अँड्रॉइडसारखी यंत्रणा असते, हे सगळ्यांना माहीत आहे. साउंड प्रोसेसर, सेट टॉप बॉक्स, वायफाय राउटर, टीव्ही अशा यंत्रांच्या पोटातही एक प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी काय करायचं, बटण दाबल्यावर काय घडायचं, कोणता आवाज कुठे पाठवायचा, हे तो प्रोग्रॅम सांगतो. हेच फर्मवेअर.

ते फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये साठवलेलं असतं. वीज गेली तरी ते पुसलं जात नाही. पण या मेमरीची एक खोड आहे. तिच्यावर नवीन काही लिहायचं तर आधी तो भाग पूर्ण पुसावा लागतो, शाळेतल्या पाटीसारखा. आता समजा पाटी पुसून झाली, अर्धं लिहून झालं आणि तेवढ्यात वीज गेली. जुनंही गेलं आणि नवंही पूर्ण आलं नाही. यंत्र पुन्हा चालू होतं, अर्धी ओळ वाचतं आणि तिथेच अडकतं.

फर्मवेअर बिघडण्याचं हे सगळ्यात ओळखीचं कारण. पण एकमेव नाही. दुसऱ्या मॉडेलची फाइल चुकून टाकली जाते. डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. विजेच्या झटक्याने चिपमधला एखादा भाग खराब होतो. आणि वय हेही कारण आहेच. फ्लॅश चिपमध्ये माहिती विजेच्या अतिसूक्ष्म भाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते आणि तो भार वर्षानुवर्षं हळूहळू गळतो. बऱ्याच चिपसाठी १० ते २० वर्षांचा टिकाव सांगितला जातो. डॉल्बीचा सीपी६५० हा फिल्मच्या काळातला लोकप्रिय प्रोसेसर २००० च्या सुमारास बाजारात आला. पुढे डिजिटल सिनेमा आल्यावरही बऱ्याच ठिकाणी त्यालाच सर्व्हर जोडून काम चालवलं गेलं. त्या पिढीच्या पेट्यांचं वय आता काय झालं असेल, याचा हिशेब सोपा आहे.

यंत्राला कसं कळतं की फर्मवेअर बिघडलंय?

दुकानदार रात्री गल्ला मोजतो आणि वहीतली बेरीज जुळते का बघतो. एक रुपया जरी इकडेतिकडे असला तरी काहीतरी चुकलंय हे कळतं, कुठे चुकलंय ते कळत नाही. यंत्रही असंच करतं. पूर्ण फर्मवेअरची एक बेरीज आधीच लिहून ठेवलेली असते, तिला चेकसम म्हणतात. चालू होताना यंत्र पुन्हा बेरीज करतं. जुळली नाही तर पुढे जायला नकार देतं.

हे तपासण्याचं काम बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करतो. तो मुख्य फर्मवेअरपासून वेगळ्या, सहसा न पुसल्या जाणाऱ्या भागात असतो. दुरुस्तीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच असतो की बूटलोडर जिवंत आहे का? तो जिवंत असेल तर पेटी वाचण्याची शक्यता चांगली. तोच गेला असेल तर काम अवघड होतं.

पण थांबा, खरंच फर्मवेअर बिघडलंय का?

कोरी स्क्रीन आणि सतत रीस्टार्ट होणारी पेटी दिसली की लोक लगेच फर्मवेअरवर खापर फोडतात. पण हीच लक्षणं दुसऱ्या, कितीतरी साध्या बिघाडातही दिसतात. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ आधी बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला काढतात.

पहिली गोष्ट, दोष नक्की याच पेटीत आहे का? प्रोसेसरला माइक किंवा साधा म्युझिक प्लेअर जोडून बघायचा. तो वाजला तर प्रोसेसर ठीक आहे, दोष सर्व्हरकडे किंवा मधल्या केबलमध्ये. शेजारच्या स्क्रीनची चांगली केबल इथे लावून बघायची. दोन मिनिटांचं काम, पण कितीतरी ‘मेलेल्या’ पेट्या इथेच जिवंत होतात.

दुसरी गोष्ट, वीजपुरवठा. पेटीच्या आतला पॉवर सप्लाय २३० व्होल्टमधून ५, १२, १५ असे छोटे व्होल्टेज तयार करतो. ५ व्होल्टची लाइन साधारण ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवी. ती ४.६ वर आली तर प्रोसेसर चिप अर्ध्यात अडखळते, रीस्टार्ट होते आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रोग्रॅम बिघडला. जुन्या पेट्यांमध्ये कॅपॅसिटर हा छोटा डबीसारखा भाग वयाने सुकतो, कधी वरून फुगतो. थंड असताना पेटी चालू होत नाही आणि दहा मिनिटं लावून ठेवली की चालू होते, असं होत असेल तर संशय आधी याच्यावर घ्यायचा.

इथे एक सावधगिरी. अशा पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. जीव जाऊ शकतो. हे काम प्रशिक्षित माणसाचंच.

तिसरी गोष्ट, हवा. उल्हास आणि भातसा नद्यांच्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा असते. केबलच्या पिना आणि आतल्या पट्ट्यांचे कनेक्टर काळवंडतात. पाली, मुंग्या आणि धूळ यांचं काय सांगावं. कार्ड आणि रिबन केबल काढून, साफ करून परत घट्ट बसवणं हा उपाय हसण्यासारखा वाटतो, पण तो उपयोगी ठरतो.

चौथी गोष्ट थोडी गमतीची आहे. पेटी काय म्हणतेय हे ऐकायला तंत्रज्ञ सीरियल केबल लावून लॅपटॉपवर तिचे मेसेज वाचतात. पण लॅपटॉपवर वेग चुकीचा निवडला, म्हणजे पेटी ३८,४०० ने बोलतेय आणि लॅपटॉप ९,६०० ने ऐकतोय, तर स्क्रीनवर अगम्य चिन्हं दिसतात. ती पाहून “डेटा करप्ट आहे” असा निष्कर्ष काढला जातो. पेटी व्यवस्थित बोलत असते, ऐकणाऱ्याचंच चुकत असतं.

फर्मवेअरच बिघडलं असेल तर? क्रमाने काय करायचं?

सगळ्यात आधी शो वाचवायचा. काही प्रोसेसरमध्ये ‘बायपास’ची सोय असते. मुख्य यंत्रणा बंद पडली तरी आवाज साध्या मार्गाने अॅम्प्लिफायरपर्यंत जातो. सीपी६५० मध्येही अशी सोय होती. आवाज पूर्ण दर्जाचा नसतो, पण संवाद ऐकू येतात. मल्टिप्लेक्स असेल तर शो दुसऱ्या स्क्रीनवर हलवता येतो. डोक्यावर भरलेला हॉल असताना फर्मवेअरला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

मग पेटी सारखी बंद-चालू करणं थांबवायचं. प्रत्येक वेळी नशीब आजमावल्यासारखं स्विच दाबून काही सुधारत नाही. कमकुवत झालेला पॉवर सप्लाय मात्र त्यात पूर्ण बसू शकतो.

त्यानंतर सगळ्याची नोंद. स्क्रीनवर काय दिसतंय, कोणते दिवे लागलेत, मागे कोणती केबल कुठे आहे, याचे मोबाइलवर फोटो. मॉडेलचं नाव, आतल्या बोर्डाचा आवृत्ती क्रमांक, आधीच्या फर्मवेअरचा क्रमांक. एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या बोर्डांना वेगळी फाइल लागू शकते, आणि चुकीची फाइल हेच पुढच्या मोठ्या नुकसानाचं कारण असतं.

चौथं काम सेटिंगची प्रत काढणं. पेटी थोडी जरी प्रतिसाद देत असेल तरी तिच्यातली सेटिंग लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. हे का, ते पुढे येईलच.

पाचवं, फाइल फक्त कंपनीकडून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून घ्यायची. कुठल्याशा ग्रुपवर फिरत आलेली फाइल वापरायची नाही. फाइलबरोबर तिचा हॅश, म्हणजे लांबलचक ओळख क्रमांक दिलेला असेल तर तो जुळवून बघायचा. जुळला नाही तर फाइल फेकून द्यायची.

सहावं, वीज. पेटी यूपीएसवर हवी. महावितरणची वीज गेल्यावर जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि फ्लॅश मेमरीचा घात व्हायला तेवढे पुरतात. “आमच्याकडे जनरेटर आहे” हे उत्तर इथे चालत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा आणि त्याचा स्लीप मोड बंद. केबल थेट लावायची, वायफायवरून अपडेट करायचं नाही.

आणि एकदा सुरू केल्यावर थांबायचं. पट्टी ६० टक्क्यांवर अडकल्यासारखी वाटली म्हणून प्लग ओढायचा नाही. सूचनेत २० मिनिटं लिहिली असतील तर त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवूनच कामाला बसायचं.

पेटी काहीच प्रतिसाद देत नसेल तर?

म्हणजे बूटलोडरही गेला असण्याची शक्यता आहे. आता काम चिपच्या पातळीवर जातं. प्रोग्रॅमर नावाचं छोटं यंत्र फ्लॅश चिपला जोडून तिच्यातली माहिती थेट वाचता येते आणि लिहिता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात अशी साधनं मिळतात आणि मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप दुरुस्त करणारे अनेक कारागीर ती रोज वापरतात.

पण इथेही एक नियम आहे: लिहिण्याआधी वाचा. बिघडलेली असली तरी चिपमधली माहिती आधी पूर्ण उतरवून घ्यायची. एकदा नाही, दोनदा. दोन्ही प्रती एकसारख्या निघाल्या तर वाचन बरोबर. वेगवेगळ्या निघाल्या तर जोडणीत किंवा चिपमध्येच दोष आहे, आणि अशा वेळी काहीही लिहिणं धोक्याचं.

दुसरं, शेजारच्या चालू पेटीतली माहिती जशीच्या तशी इथे उतरवली की झालं, असं वाटू शकतं. तसं नसतं. बऱ्याच यंत्रांत प्रोग्रॅमबरोबर त्या यंत्राचा सीरियल नंबर, नेटवर्कची ओळख, परवाने हेही साठवलेलं असतं. पूर्ण नक्कल केली तर एकाच नावाची दोन यंत्रं तयार होतात आणि नवा गोंधळ सुरू होतो. शिवाय नव्या यंत्रांत फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असते. सही नसलेला प्रोग्रॅम यंत्र स्वीकारतच नाही.

एक पेटी अशी आहे जी उघडायचीच नाही

याच रॅकमध्ये किंवा प्रोजेक्टरच्या आत मीडिया ब्लॉक नावाचा भाग असतो. कुलूपबंद सिनेमा उघडण्याचं काम तो करतो. प्रत्येक सिनेमासाठी थिएटरला ठरावीक मुदतीची डिजिटल किल्ली मिळते आणि ती त्या एकाच मीडिया ब्लॉकसाठी बनवलेली असते. पायरसी रोखण्यासाठी नियमच असा आहे की कोणी हा भाग उघडायचा प्रयत्न केला तर आतली गुप्त माहिती स्वतःहून पुसली जाते.

म्हणजे साउंड प्रोसेसरसाठी जो उपाय योग्य, तोच मीडिया ब्लॉकसाठी आत्मघात. रात्री अकरा वाजता घाईघाईत स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी आपण नेमकी कोणती पेटी उघडतोय, हे माहीत असायला हवं. काही नव्या यंत्रांत आवाज आणि ही सुरक्षा एकाच पेटीत असू शकते. शंका असेल तर कंपनीला फोन करणं हाच मार्ग.

आवाज परत आला. काम झालं?

नाही. आणि प्रेक्षकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

हॉल नवा असताना तंत्रज्ञ माइक लावून प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजतात. कोणत्या सुरपट्टीत किती वाढवायचं, किती कमी करायचं, हे ठरवतात. ४० हर्ट्झपासून १६ हजार हर्ट्झपर्यंतचे असे २७ पट्टे असतात आणि हे काम प्रत्येक मुख्य चॅनलसाठी वेगळं करावं लागतं. सिनेमा मिक्स करणाऱ्याने स्टुडिओत ऐकलेला आवाज हॉलमध्येही तसाच यावा यासाठी ही मेहनत. परंपरेने प्रोसेसरच्या आवाजाचा आकडा ७ वर ठेवला की पडद्यामागच्या एका चॅनलची चाचणी पातळी ८५ डेसिबल यायला हवी, असा हिशेब असतो.

फर्मवेअर नव्याने टाकताना ही सगळी सेटिंग पुसली जाऊ शकतात. पेटी चालू होते, आवाज येतो, सगळे सुटकेचा नि:श्वास सोडतात. पण संवाद पुटपुटल्यासारखे येतात, मागचे स्पीकर डोक्यावर बसतात, बेसने कान दुखतात. प्रेक्षक म्हणतो, “या थिएटरचा साउंड खराब आहे.” आणि पुढच्या वेळी येत नाही.

सेटिंगची प्रत असेल तर हे काम काही मिनिटांत होतं. नसेल तर पुन्हा माइक, पुन्हा मोजणी, पुन्हा तंत्रज्ञाचा दिवस. म्हणूनच दुरुस्तीनंतर प्रत्येक चॅनल वेगळा वाजवून, मोजून बघितल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही.

मग अपडेट करायचंच कशाला?

चालतंय ते चालू द्या, हा सल्ला मोहात पाडणारा आहे. पण सिनेमाच्या फाइलचं स्वरूप बदलतं, सुरक्षेच्या त्रुटी सापडतात, नवीन सर्व्हर जुन्या पेटीशी बोलेनासे होतात. मधल्या काळात डिजिटल सिनेमाची फाइल जुन्या ‘इंटरऑप’ प्रकारातून ‘एसएमपीटीई’ या नव्या प्रकारात गेली, तेव्हा अनेक सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपडेट करण्याशिवाय पर्याय नव्हता.

पण अपडेट कधी आणि कसं, हा प्रश्न उरतोच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. धडा साधा आहे: सगळीकडे एकदम अपडेट करायचं नाही. थिएटरच्या भाषेत सांगायचं तर आधी एका स्क्रीनवर, शुक्रवारच्या रिलीजच्या आदल्या रात्री नाही तर आठवड्याच्या मधल्या रिकाम्या सकाळी, आणि जुनी फाइल हाताशी ठेवून.

कंपनीनेच हात वर केले तर?

खरा प्रश्न इथे आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीकडे तंत्रज्ञांची फौज असते आणि वर्षाचा देखभाल करार असतो. तालुक्याच्या गावातल्या एकपडदा थिएटरकडे बहुतेकदा यातलं काहीच नसतं. त्याच्याकडचा प्रोसेसर बनणं बंद झालेलं असतं, फर्मवेअरची फाइल वेबसाइटवरून गेलेली असते आणि नवीन पेटीचा खर्च लाखांत जातो. लोखंड, तांबं, चिप सगळं धड असतं. नसते ती फक्त एक फाइल, मोबाइलमधल्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही लहान.

वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काची चर्चा म्हणूनच महत्त्वाची आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली गेली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. थिएटरची व्यावसायिक यंत्रं या यादीत वेगळी नाहीत. पण प्रश्न तोच आहे. यंत्र विकत घेतलं, तर त्याचा प्रोग्रॅम आणि दुरुस्तीची माहिती किती वर्षं मिळायला हवी?

त्याचं उत्तर मिळेपर्यंत थिएटरमालकाच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. आज पेटी चालू असताना तिच्या फर्मवेअरची फाइल, सेटिंगची प्रत आणि मॅन्युअल एका पेनड्राइव्हवर घेणं, दुसरी प्रत थिएटरच्या बाहेर ठेवणं आणि रॅकच्या दारावर आवृत्ती क्रमांक व तारीख लिहून चिकटवणं. खर्च काही शे रुपये. हे काम ऑपरेटरचं की मॅनेजरचं की सर्व्हिसवाल्याचं, हे ठरलेलं नसतं, म्हणून ते कोणीच करत नाही. बहुतेक पेट्या भंगारात जातात त्या या दुर्लक्षामुळे.

आणि आपण प्रेक्षकांनी काय करायचं?

आवाज गेला, एका बाजूचाच येतोय, संवाद दबलेत, असं वाटलं तर इंटरव्हलपर्यंत वाट बघू नका. लगेच बाहेरच्या कर्मचाऱ्याला सांगा. प्रोजेक्टर रूममध्ये दर शोला माणूस बसलेला असेलच असं नाही, त्यामुळे हॉलमधून सांगितल्याशिवाय कळतही नाही. शो रद्द झाला तर तिकीट जपून ठेवा आणि परतावा मागा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आणि हेच नियम घरातही लागू पडतात. साउंडबार, स्मार्ट टीव्ही, राउटर, मंडळाचा डिजिटल मिक्सर, सगळ्यांच्या पोटात फर्मवेअर असतं. अपडेट चालू असताना प्लग काढू नका, पावसात वीज ये-जा करत असेल तर अपडेट पुढे ढकला आणि मिक्सरची सेटिंग गणपतीच्या आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. मांडवात गर्दी जमल्यावर ती आठवून आठवून परत बसवणं कोणालाच जमत नाही.